म्होरक्या गेल्यावर

बेंगळुरूत सिल्क बोर्डवरून होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटीकडे निघालं की वाटेत होसा रोडचा फाटा लागतो. ऑगस्ट २०२५ पासून तिथे मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचं स्थानकही आहे. फाट्याने आत वळलं की परप्पन अग्रहारचं मध्यवर्ती कारागृह येतं, आणि न वळता सरळ पुढे गेलं की कोनप्पन अग्रहार. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आर. के. बाळिगा यांच्या पुढाकाराने केओनिक्स या कर्नाटकच्या सरकारी कंपनीने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर जी वसाहत आखली, तीच आजची इलेक्ट्रॉनिक सिटी. पुण्या-कोल्हापुरा-बेळगावातून आलेली हजारो मराठी मुलं-मुली रोज या रस्त्याने कामावर जातात. जिहादी संघटनांच्या नेतृत्वाबद्दल लिहिताना मी मोसुल किंवा अबोटाबादपासून सुरुवात न करता या रस्त्यापासून करतो आहे, कारण या प्रश्नाचं आपल्याला सर्वांत जवळचं टोक इथे आहे.

प्रश्न जुना आहे. अशा संघटनेचा म्होरक्या मारला, पकडला किंवा कोठडीत मेला, तर संघटनेचं काय होतं? दर वेळी बातमी येते, छायाचित्रावर लाल फुली मारली जाते, 'कणा मोडला' असे मथळे लागतात. काही महिन्यांनी दुसरं नाव पुढे येतं.

सर्वांत लांब साखळी इस्लामिक स्टेटची आहे. अबू मुसाब अल-झरकावी ७ जून २००६ रोजी इराकमधल्या बाकुबाजवळ अमेरिकी हवाई हल्ल्यात मारला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच्या अनुयायांनी 'इस्लामिक स्टेट ऑफ इराक' जाहीर केलं. त्या संघटनेचे दोन्ही प्रमुख, अबू ओमर अल-बगदादी आणि अबू अय्यूब अल-मसरी, १८ एप्रिल २०१० रोजी तिक्रितजवळ एकाच कारवाईत संपले. तेव्हा संघटना खरोखरच खिळखिळी झाली होती. पैसा आटला होता, माणसं तुरुंगात होती, सुन्नी टोळ्या विरोधात गेल्या होत्या. पुढच्याच महिन्यात एक फारसा कोणाला ठाऊक नसलेला माणूस गादीवर आला. समाराचा, १९७१ चा जन्म, कुराणपठणशास्त्रात डॉक्टरेट, नाव इब्राहिम अव्वाद अल-बद्री. जगाने त्याला अबू बक्र अल-बगदादी या नावाने ओळखलं. चार वर्षांत, १० जून २०१४ रोजी, मोसुल त्याच्या माणसांच्या हाती पडलं. ४ जुलैला त्याने तिथल्या नूरी मशिदीच्या प्रवचनपीठावरून स्वतःला खलिफा म्हणवून घेतलं. ब्रिटनएवढ्या मोठ्या मुलखावर त्याची सत्ता असल्याचे अंदाज त्या काळात छापून येत होते.

मार्च २०१९ मध्ये सीरियातलं बागूझ हे शेवटचं गाव गेलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी इदलिब प्रांतात बारिशा गावाजवळच्या बोगद्यात कोंडीत सापडलेल्या बगदादीने स्वतःच्या मुलांसह स्फोटाने जीव दिला. त्याच्यानंतर आलेला अबू इब्राहिम अल-कुरेशी ३ फेब्रुवारी २०२२ ला त्याच इदलिबमध्ये त्याच पद्धतीने मेला. तिसरा त्याच वर्षी दराआ भागात मारला गेला. चौथा गेल्याचं संघटनेने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्याच निवेदनात पाचव्याचं नाव सांगितलं. या नंतरच्या खलिफांचा चेहरा अनुयायांनी कधी पाहिला नाही. सर्वांना 'कुरेशी' हे एकच बिरुद लावलं गेलं, म्हणजे वंश प्रेषितांच्या टोळीतला असल्याचा दावा तेवढा उरला. ज्या संघटनेत शपथ माणसाऐवजी पदाला वाहिली जाते, तिथे माणूस मारून पद मरत नाही. मात्र एक गोष्ट मोजायलाच हवी. या चार मृत्यूंच्या काळात इस्लामिक स्टेटने मोसुलसारखं एकही शहर पुन्हा घेतलं नाही. तिला खरा फटका भूभाग गेल्याने बसला. कर, तेल, शाळा, न्यायालयं आणि छापखाने ज्यावर उभे होते ती जमीन गेली. बगदादीचा मृत्यू त्यानंतर सात महिन्यांनी झाला.

अल-कायदाची गोष्ट वेगळी आहे. ओसामा बिन लादेन २ मे २०११ रोजी अबोटाबादेत मारला गेला. अयमान अल-जवाहिरी ३१ जुलै २०२२ रोजी काबूलमधल्या एका घराच्या सज्जात ड्रोनच्या क्षेपणास्त्राने गेला. त्यानंतर संघटनेने नव्या प्रमुखाचं नाव जाहीरच केलं नाही. तरी सोमालियातली, येमेनमधली, साहेलमधली तिची शाखा-जाळी आपापल्या जोरावर चालू आहेत. भारतीय उपखंडासाठीची शाखा २०१४ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिचा प्रमुख आसिम उमर होता. तो उत्तर प्रदेशातल्या संभलचा. २०१९ मध्ये अफगाणिस्तानच्या हेलमंद प्रांतात तो मारला गेला. ही शाखा भारतात कधी रुजली नव्हती, त्यामुळे त्याच्या जाण्याने इथे काही हललं नाही.

सर्वांत अचंबित करणारं उदाहरण मला तालिबानचं वाटतं. मुल्ला ओमर एप्रिल २०१३ मध्ये मेला. संघटनेने ही गोष्ट दोन वर्षांहून अधिक काळ दडवून ठेवली, त्याच्या नावाने ईदचे संदेश काढत राहिली, वाटाघाटींनाही त्याचाच आशीर्वाद असल्याचं सांगत राहिली. जुलै २०१५ मध्ये बातमी फुटली. त्याचा वारस मुल्ला मन्सूर २१ मे २०१६ रोजी बलुचिस्तानात ड्रोन हल्ल्यात मारला गेला. आणि १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये शिरले. मेलेल्या नेत्याच्या नावावर दोन वर्षं युद्ध चालवता येतं, हे ज्यांना अशक्य वाटत होतं त्यांनी या संघटनेच्या शूरा म्हणजे सल्लागार मंडळ, छायाप्रांतपाल आणि मदरशांच्या जाळ्याकडे पाहिलंच नव्हतं.

अभ्यासकांमध्ये यावर जोरदार मतभेद आहेत. जेना जॉर्डन यांनी २००९ मध्ये १९४५ ते २००४ मधल्या २९८ घटना तपासल्या. मोठ्या, जुन्या आणि धर्माधारित संघटना म्होरक्या जाऊनही टिकतात, कधी उलट तग धरण्याचं बळ त्यातूनच मिळवतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१२ मध्ये ब्रायन प्राइस यांनी २०७ संघटनांचा हिशोब मांडला आणि नेता गमावलेल्या संघटना लवकर संपतात असं दाखवलं. पण त्यांनीच एक मोलाची पुस्ती जोडली. हा परिणाम संघटना कोवळी असताना सर्वाधिक असतो, वर्षागणिक कमी होतो आणि साधारण वीस वर्षांनंतर नाहीसा होतो. त्याच वर्षी पॅट्रिक जॉन्स्टन यांनीही नेत्यांवरच्या कारवाया उपयोगी ठरतात या बाजूने पुरावा दिला. मला हे निष्कर्ष एकमेकांना खोडणारे वाटत नाहीत. कोवळ्या संघटनेत नेता म्हणजेच पैसा, ओळखी, शस्त्रांची वाट आणि श्रद्धेचा आधार असतो. जुन्या संघटनेत ही सगळी कामं वेगवेगळ्या माणसांकडे गेलेली असतात.

पेरूच्या माओवादी 'शायनिंग पाथ'चा अबिमाएल गुझमान १९९२ मध्ये लिमात पकडला गेला, त्याला पिंजऱ्यात उभा करून जगाला दाखवलं गेलं आणि संघटना कोसळली, कारण ती एका माणसाच्या विचारसूत्रावर चालत होती. मे २००९ मध्ये श्रीलंकेच्या लष्कराने प्रभाकरनबरोबर एलटीटीईची दुसरी फळी आणि संपूर्ण भूभागही संपवला. तो शेवट एका माणसाचा नव्हता, आणि त्यासाठी हजारो तमिळ नागरिकांनी जी किंमत मोजली ती वगळून त्याला यश म्हणणं मला जमत नाही.

एलटीटीईचं नाव निघालं की बेंगळुरूला कोननकुंटे आठवावंच लागतं. राजीव गांधींच्या हत्येचा सूत्रधार शिवरासन ऑगस्ट १९९१ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या या वस्तीतल्या एका घरात लपला होता. घराला वेढा पडला, दिल्लीहून हिरव्या कंदिलाची वाट पाहण्यात वेळ गेला, आणि २० ऑगस्टच्या पहाटे कमांडो आत शिरले तेव्हा शिवरासन आणि त्याचे सहा साथीदार मेलेले होते. कटाचा सर्वांत जाणता साक्षीदार असा गेला. त्याच्यावर कोण कोण होते, पैसा कसा फिरला, कोणाला किती ठाऊक होतं, हे प्रश्न पुढे आयोगांमध्ये आणि न्यायालयांत वर्षानुवर्षं चघळले गेले. नेत्याचा मृत्यू हा तपासाचाही मृत्यू असू शकतो, हे या शहराने इतक्या लवकर पाहिलं आहे.

काश्मीरमध्ये दोन्ही प्रकार दिसले. हिजबुल मुजाहिदीनचा बुऱ्हान वानी ८ जुलै २०१६ रोजी कोकरनागजवळ मारला गेला. त्याने मोठी कारवाई केल्याचं फारसं कोणी सांगत नव्हतं. त्याचं बळ मोबाइलवर फिरणाऱ्या चेहऱ्याचं होतं. त्याच्या मृत्यूनंतर महिनोनमहिने खोरं पेटलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली, छऱ्यांनी कित्येकांचे डोळे गेले, आणि शस्त्र उचलणाऱ्या स्थानिक तरुणांची संख्या वाढली. त्याचाच सहकारी झाकीर मुसा याने फुटून अल-कायदाशी जोडलेला 'अन्सार गजवतुल हिंद' हा गट काढला. मुसा २३ मे २०१९ ला त्रालमध्ये मारला गेला, वारस त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, आणि गट जवळपास विझला. गट लहान होता, वय दोन वर्षं, माणूस एक. प्राइस यांच्या हिशोबात हे चपखल बसतं. पण बुऱ्हानच्या बाबतीत अंत्ययात्रेची गर्दी हीच भरती ठरली, याची नोंद सरकारनेही घेतली असावी. एप्रिल २०२० पासून मारल्या गेलेल्या दहशतवाद्यांचे मृतदेह कुटुंबांना न देता दूर, सोनमर्गसारख्या ठिकाणी, पुरण्यास सुरुवात झाली. यातून अंत्ययात्रा थांबल्या हे खरं. आईवडिलांना कबरही न मिळणं हा त्याचा दुसरा परिणाम आहे, आणि तो मला सहज गिळता येत नाही.

आता महाराष्ट्र. मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडी तालुक्यात पडघ्याजवळ बोरिवली नावाचं गाव आहे. मुंबईच्या उपनगराशी त्याचा संबंध नाही. वस्ती प्रामुख्याने कोकणी मुसलमानांची, पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि लाकडाच्या धंद्यातली. साकिब नाचन इथला. १९७७ मध्ये अलीगढला स्थापन झालेल्या आणि सप्टेंबर २००१ मध्ये बंदी आलेल्या 'सिमी' या विद्यार्थी संघटनेचा तो पदाधिकारी. मुंबई सेंट्रल, विलेपार्ले आणि मुलुंड येथे डिसेंबर २००२ ते मार्च २००३ या काळात झालेल्या स्फोटांच्या खटल्यात पोटा न्यायालयाने २०१६ मध्ये त्याला शस्त्रं बाळगल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा दिली. २०१७ मध्ये तो सुटून गावी आला. ९ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) महाराष्ट्र आणि कर्नाटकात चव्वेचाळीस ठिकाणी छापे घालून पंधरा जणांना अटक केली, त्यात तो होता. एनआयएचं म्हणणं असं की त्याने स्वतःला या जाळ्याचा म्होरक्या ठरवलं होतं, तो नव्या मुलांकडून इस्लामिक स्टेटच्या खलिफाच्या नावे 'बयत', म्हणजे निष्ठेची शपथ, घेत होता आणि पडघ्याला 'मुक्त प्रदेश', 'अल शाम' म्हणत होता. यातला कोणताही आरोप न्यायालयात सिद्ध होण्याआधी, २८ जून २०२५ ला, तिहारच्या कोठडीतला हा कैदी दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात मेंदूतल्या रक्तस्रावाने मरण पावला. दुसऱ्या दिवशी कडक बंदोबस्तात त्याला बोरिवलीत दफन केलं गेलं.

आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. निकाल कधीच लागत नाही. मला हे सर्वांत अस्वस्थ करतं. ज्यांना नाचन हा दहशतवादाचा सूत्रधार वाटतो त्यांच्याकडे आता आरोपपत्र आहे, निकालपत्र नाही. ज्यांना तो छळ झालेला माणूस वाटतो त्यांच्याकडे कबर आहे. गावात कोणाच्या मनात काय चालू असेल हे बाहेरून कोणी सांगू नये. पण या गावातल्या मुलाला पुण्यात किंवा बेंगळुरूत नोकरी मागताना पत्त्यावर 'पडघा' लिहायला लागतं, आणि त्या नावाभोवतीचा संशय फेडायला न्यायालयाचा एक शब्दही उपलब्ध नाही. २०२३ मध्ये अटक, २०२५ च्या जूनमध्ये मृत्यू. एनआयए कायदा २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये आला तो खास न्यायालयांसाठी, जलद निकालांसाठी. या गतीला कोणी जलद म्हणणार असेल तर माझं त्याच्याशी पटणार नाही.

जिवंत पकडलेला नेता मात्र आपोआप निष्प्रभ होतो असंही नाही. मसूद अजहरला फेब्रुवारी १९९४ मध्ये अनंतनागला पकडलं. जम्मूच्या कोट भलवाल तुरुंगातून त्याला सोडवण्यासाठी अपहरणं झाली, भुयार खणलं गेलं, आणि अखेर ३१ डिसेंबर १९९९ ला आयसी-८१४ या अपहृत विमानाच्या प्रवाशांच्या बदल्यात तो कंदाहारला सुटला. काही आठवड्यांत त्याने कराचीत जैश-ए-मोहम्मद उभी केली. २६/११ चा आरोपी झकीउर रहमान लखवी रावळपिंडीच्या अडियाला तुरुंगात फोन आणि पाहुण्यांसह राहत होता, हे बातम्यांमधून जगजाहीर झालं. आणि बगदादी? २००४ मध्ये तो अमेरिकेच्या इराकमधल्या कॅम्प बुक्का छावणीत कैदी होता. सद्दामच्या बरखास्त सैन्यातले अधिकारी आणि जिहादी तिथे एकाच तारेमागे होते. नंतरच्या इस्लामिक स्टेटची वरची फळी तिथल्या ओळखींतून बांधली गेली. बुक्का हे जणू त्या संघटनेचं प्रसूतिगृह ठरलं.

ही उपमा मनात ठेवून परत होसा रोडच्या फाट्यावर या. २५ जुलै २००८ रोजी बेंगळुरूत स्फोटांची मालिका झाली. त्यातला एक मडिवाळाच्या बसथांब्याजवळ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिटीच्या वाटेवर, आणि तिथे एका महिलेचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत स्फोट झाले, त्यात छप्पन्न माणसं गेली. त्याआधी पाठवलेला इंडियन मुजाहिदीनचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातलं उघडं वाय-फाय वापरून निघाला होता. चारच महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, सिमीचा प्रमुख सफदर नागोरी इंदूरला पकडला गेला होता आणि सिमी संपल्याचं मानलं जात होतं. हल्ले मात्र ज्यांचं नावही फारसं ठाऊक नव्हतं अशा माणसांनी केले, आणि त्यात पुण्यात आंतरराष्ट्रीय कंपनीत काम करणारा संगणक अभियंताही असल्याचं तपासात पुढे आलं. पुढच्या वर्षी, ३१ जुलै २००९ ला, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या इन्फोसिसच्या दारावर सीआयएसएफचे जवान उभे राहिले. खासगी कंपनीला ही सेवा देशात प्रथमच मिळाली.

बेंगळुरू स्फोटांतला प्रमुख आरोपी, केरळचा टी. नझीर, २००९ च्या अखेरीस ईशान्य सीमेवर सापडला. दुसऱ्या एका प्रकरणात त्याला जन्मठेप झाली आणि तो परप्पन अग्रहारमध्ये आला. लष्कर-ए-तैयबाचा दक्षिणेतला एक महत्त्वाचा माणूस आता गजाआड होता, बातमी संपली होती. जुलै २०२३ मध्ये बेंगळुरू पोलिसांनी एका घरातून सात पिस्तुलं, चार हातबॉम्ब, पंचेचाळीस काडतुसं आणि चार वॉकीटॉकी जप्त केले. तपास एनआयएकडे गेला. एनआयएच्या आरोपपत्रानुसार २०१७ मध्ये इतर गुन्ह्यांत आत आलेले काही तरुण कैदी नझीरच्या सहवासात आले, त्याने त्यांची निवड केली, त्यांना आपल्या बाजूच्या बराकीत आणवलं, आणि ते सुटल्यावर बाहेरून काम चालू झालं. न्यायालयात नेताना त्याला पळवण्याचाही बेत होता असा आरोप आहे. जुलै २०२५ मध्ये याच प्रकरणात तुरुंगातला मानसोपचारतज्ज्ञ आणि पोलीस दलातला एक सहायक उपनिरीक्षक यांना अटक झाली. पहिल्यावर फोन आत आणल्याचा आणि दुसऱ्यावर पैशांच्या बदल्यात नझीरच्या न्यायालयीन फेऱ्यांची माहिती पुरवल्याचा आरोप आहे.

२०१७ हे साल लक्षात घ्या. त्याच वर्षी जुलैमध्ये तुरुंग विभागाच्या उपमहानिरीक्षक डी. रूपा यांनी याच तुरुंगात एका बड्या राजकीय कैद्याला खास सोयी मिळत असल्याचा आणि लाचखोरीचा अहवाल दिला होता. काही दिवसांत त्यांची बदली वाहतूक विभागात झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये खुनाच्या आरोपाखाली आत असलेल्या एका कन्नड नटाचं हिरवळीवर खुर्ची टाकून कॉफी आणि सिगारेट घेतानाचं छायाचित्र बाहेर आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा चित्रफिती फिरल्या. कैद्यांच्या हातात मोबाइल, समोर टीव्ही, आणि त्यात इस्लामिक स्टेटसाठी भरती केल्याचा आरोप असलेला एक कैदीही होता. अधिकारी निलंबित झाले. एकाच्या सिगारेटला आणि दुसऱ्याच्या फोनला वाट एकाच दाराने मिळते. नटाच्या खुर्चीवर हसणाऱ्यांना हे कळलं पाहिजे की लाचेला आरोपीचा धर्म किंवा कलम कळत नाही.

या शहराने नेत्याशिवाय चालणारा जिहादही पाहिला आहे. २०१४ मध्ये 'शामी विटनेस' नावाचं ट्विटर खातं इस्लामिक स्टेटचं इंग्रजीतलं सर्वांत प्रभावी तोंड मानलं जाई. सतरा हजारांहून अधिक लोक ते वाचत. डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने शोध लावला तेव्हा खातेदार जालहळ्ळीच्या एका खोलीत राहणारा, एका मोठ्या कंपनीत नोकरी करणारा तरुण निघाला. बगदादीला तो कधी भेटला नव्हता. खलिफाचा शब्द पोहोचवायला खलिफाची गरज उरली नव्हती. अशा माणसाला थांबवायला ड्रोन लागत नाही. पोलीस ठाण्यातला संगणक जाणणारा अधिकारी आणि सज्जड पुराव्यासह चालणारा खटला लागतो. हे काम इलेक्ट्रॉनिक सिटीच्या शेजारी राहूनही आपण अजून मन लावून केलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून म्होरक्याच्या मृत्यूची बातमी आली की मी आता तीन गोष्टी शोधतो. त्याच्या संघटनेचं वय किती, पैसा कोणाच्या हातून फिरत होता, आणि त्याचे उरलेले साथीदार कोणत्या तुरुंगात, कोणाबरोबर ठेवले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अनेकदा अभ्यासकांकडे आणि तपासयंत्रणांकडे असतात. तिसऱ्याचं उत्तर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात गृहखात्याकडे आहे. त्याने करायचं ते एवढंच: भरती करणाऱ्या कैद्याला चोरी-मारामारीत आलेल्या वीस वर्षांच्या मुलापासून वेगळं ठेवणं, बराकी बदलण्याचा अधिकार एका माणसाच्या हाती न देणं, आत जाणाऱ्या प्रत्येकाची, डॉक्टर असो वा शिपाई, झडती घेणं, आणि कच्च्या कैद्याचा खटला त्याच्या आयुष्यात संपवणं. यातलं काहीही नवं नाही. न्यायमूर्ती मुल्ला समितीने तुरुंगसुधारणांचा अहवाल १९८३ मध्येच दिला होता, आणि कच्च्या कैद्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळं ठेवावं हा आग्रह त्यात आहे.